हवा निघून जाईपर्यंत

सिस्टर, आजकाल सकाळी शाळा भरायची वेळ झाली की मला भीती वाटायला लागते. अकोल्यातल्या माझ्या घरात मी ओट्याशी चहा करत असते, समोरच्या शाळेची घंटा होते आणि हातातला चमचा थांबतो. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी वर्गात आता टीव्ही लागला असेल. त्यात मी असेन, पांढरा ॲप्रन घातलेली, केसांना तो मूर्ख क्लिप लावलेली, आणि मी मुलांना काडी पेटवायला सांगत असेन. फोनवर अनोळखी नंबर आला की मी लगेच उचलत नाही. आधी एक हात ओट्यावर टेकते. बहुतेक वेळा प्लॉट घ्या म्हणणारी एखादी पोरगी असते. निवृत्त झाल्यापासून अशा पोरींना फाडून खाणं हा माझा एक विरंगुळा होता. आता मी "नको गं बाई" म्हणते आणि फोन ठेवल्यावर खुर्चीत बसते.

तुम्हाला सांगते आहे, कारण ज्यांना सांगायला हवं त्या सगळ्यांना सांगून झालं आहे. ते "हो मॅडम" म्हणतात. तुम्ही कधी कुणाला नुसतं हो म्हटल्याचं मला आठवत नाही. मला आठवते ती अमरावतीच्या आपल्या शाळेची प्रयोगशाळा: चॅपलच्या मागची लांबट खोली, काळ्या फरशीचे ओटे, खिडकीबाहेर कडुलिंब, आणि आत शिरताच नाकाला झोंबणारा तो वास. तुम्ही केरळातून आलेल्या. वर्गात इंग्रजी, फळ्यावर इंग्रजी, आमच्या तोंडून मराठी शब्द निसटला तर डोळे वटारणार. पण स्वतःचं मराठी मात्र तुम्ही बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातल्या बायकांकडून शिकला होतात, त्यामुळे घाबरलात की अस्सल वऱ्हाडी बोलायच्या. बाहेरगावच्या पालकांना त्याचं हसू यायचं. आम्हाला यायचं नाही. सिस्टर वऱ्हाडीत शिरल्या म्हणजे कुणीतरी काहीतरी भयंकर करायच्या बेतात आहे, एवढं आम्ही शिकलो होतो.

मी नववीत आहे. चंबूत जस्ताचे तुकडे आहेत, वरून विरल आम्ल ओतलं आहे, बुडबुडे निघताहेत, आणि बुचातून बाहेर आलेल्या बारीक नळीच्या टोकाशी हायड्रोजन पेटवून त्याची ज्योत दाखवायची आहे. मी हुशार मुलगी. बाबा कलेक्टर कचेरीत शिपाई, त्यांच्या साहेबांची मुलगी माझ्याच वर्गात, आणि तिच्या आधी माझी ज्योत पेटली पाहिजे एवढंच माझ्या डोक्यात. मी काडी ओढते. तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला असता. तिथून झगा सावरत कशा येता कोण जाणे. माझ्या मनगटावर फटका बसतो, काडी ओट्यावर पडते आणि तुम्ही ती तळहाताने विझवता. "काय करून राहिली वं तू! अंदर हवा हाये अजून! काच फुटली असती तं डोये कोठून आणले असते? बापाच्या कचेरीतून?" साऱ्या वर्गासमोर. साहेबांच्या मुलीसमोर. तुम्ही बापाची कचेरी काढलीत याचा राग मी नको तितका जपला. तुमचे हात थरथरत होते हे मी पाहिलं होतं, पण ते मी तुमच्या वयाच्या खात्यावर टाकलं. तुम्ही तेव्हा माझ्या आजच्या वयाच्या निम्म्याही नसाल.

त्यानंतर तुम्ही शांतपणे इंग्रजीत सांगितलंत की चंबूत आधीपासून हवा असते. हायड्रोजन येतो तो त्या हवेत मिसळतो, आणि ते मिश्रण पेटलं की आग नळीतून आत शिरते आणि चंबूच्या ठिकऱ्या होतात. म्हणून थांबायचं. हवा सगळी निघून जाईपर्यंत थांबायचं. किती वेळ, असं साहेबांच्या मुलीने विचारलं, तिच्या मनगटावर घड्याळ होतं. तुम्ही तिला घड्याळ काढून खिशात ठेवायला लावलंत. घड्याळ बघणारी मुलगी नळीकडे बघत नाही म्हणालात. मग तुमची ती रीत सुरू झाली, जी मी पुढे दुसऱ्या कुठल्याच शाळेत पाहिली नाही. प्रत्येकीने हात मागे बांधायचे आणि आपल्याला येतं ते म्हणायचं. तुम्ही तुमची जपमाळेची प्रार्थना पुटपुटायच्या, मी आमच्या घरी रोज म्हणत ते बुद्धाचं त्रिसरण म्हणायचे, साहेबांची मुलगी आजीने शिकवलेलं कुठलं तरी लांबलचक स्तोत्र, आणि तिच्या पलीकडची, जिच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, ती अरबीतलं काहीतरी, डोळे मिटून. "देवाले घाई नसते," तुम्ही म्हणायच्या. सगळ्यांचं म्हणून झालं की छोट्या परीक्षानळीत थोडा वायू धरायचा, तो खोलीच्या पार कोपऱ्यात नेऊन पेटवायचा. भुंकला, म्हणजे भॉक् असा आवाज झाला, तर आत अजून हवा आहे. परत ओट्याशी या, परत म्हणा. नळीतला वायू न भुंकता मुकाट जळला, की मगच काडी चंबूपाशी.

मी अकोल्यात सगळी नोकरी याच रीतीवर काढली. आमच्या शाळेत सगळ्या जातीधर्माची मुलं, कुणी काय म्हणायचं ते मी विचारलं नाही. काही पाढे म्हणायची, एकाने वर्षभर क्रिकेटच्या संघाची नावं म्हटली. चालेल म्हटलं. माझ्या वर्गात एकही चंबू फुटला नाही. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवत नव्हते. म्हणूनच निवृत्तीनंतर एका शैक्षणिक ट्रस्टची माणसं घरी आली तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. खेड्यांत शिक्षक नाहीत, म्हणून अनुभवी शिक्षकांचे व्हिडिओ करायचे, पाचवी ते दहावी, सगळे विषय: गणित, इतिहास, भूगोल, इंग्रजी, चित्रकला, इतकंच काय, शारीरिक शिक्षणसुद्धा. म्हणजे मुलं बसून दुसऱ्याला उड्या मारताना बघणार. मी हे त्यांच्या बैठकीत तोंडावर म्हटलं. सगळे हसले आणि विज्ञान मला दिलं.

मी व्हिडिओच्या विरुद्ध नाही, सिस्टर, तसं समजू नका. हृदयाची झडप उघडताना मी साठी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिली ती व्हिडिओतच, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तोवर मी ती आयुष्यभर खडूने काढून दाखवत होते. आम्ही मेहनत केली. शूटिंगला मी माझ्या जुन्या शाळेतली मुलं बसवली, हायड्रोजनचा प्रयोग सगळा जसाच्या तसा केला. मुलं हात बांधून पुटपुटली, वायू दोनदा भुंकला, तिसऱ्यांदा मुकाट जळला, मग मी ज्योत पेटवली. गळ्यात हेडफोन अडकवलेला एक तरुण हे सगळं टिपत होता. "मॅडम, तुमचा स्क्रीन प्रेझेन्स जबरदस्त आहे," तो म्हणाला. माझ्या तोंडावर अशी स्तुती केलेली मला चालत नाही, असं मी त्याला सांगितलं आणि घरी येऊन आरशात पाहिलं. पुढे एकदा अकोटच्या एसटी स्टँडवर एका बाईने माझा हात धरला. "तुमी टीव्हीतल्या मॅडम न? माई पोट्टी तुमच्यावानीच बोलते!" त्या दिवशी मी बसमध्ये खिडकीपाशी बसून अकोल्यापर्यंत हसत आले.

मग या हिवाळ्यात अकोट रोडवरच्या एका गावातल्या शाळेने विज्ञान दिनाच्या कार्यक्रमाला बोलावलं. हेडमास्तर उत्साही माणूस. शाल दिली, नारळ दिला, मला पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं. "मॅडम, आमच्याकडं शिक्षक दोनच, पण विषय एकबी सुटत नाई. बटन दाबलं का विषय चालू. पोट्टे तुमाले रोज पायतात."

"रोज?"

"रोज जी. दीडच्या स्पीडनं लावतो, नाई तं पोर्शन होत नाई."

"म्हणजे तुमच्या मुलांना मी चिमणीसारखी बोलणारी वाटत असेन."

"हो जी," तो आनंदाने म्हणाला.

एक मुलगी पुढे आली. आठवीतली, दोन वेण्या, हात अगदी स्थिर. टेबलावर चंबू, जस्त, नळी, ट्रस्टने प्रयोगासाठी दिलेल्या पेटीतलं सगळं नीट मांडलेलं. ती बोलायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तो माझा आवाज होता. गावात "हाये, नाई" बोलणारी ती पोर माझं ते कॉन्व्हेंटमधून घासूनपुसून आलेलं मराठी बोलत होती. "बघा हं, गंमत आहे," ती म्हणाली आणि नसलेला चष्मा नाकावर सारखा केला. सगळे हसले. मीही हसले. तिने आम्ल ओतलं, सावकाश, कडेकडेने, मी दाखवते तसंच. बूच घट्ट बसवलं. बुडबुडे सुरू झाले. आणि लगेच, मान वर करून, माझ्याच सुरात ती म्हणाली, "आता हवा निघून गेली आहे," आणि तिने काडी ओढली.

तिचा चेहरा त्या नळीपासून वीतभर अंतरावर होता. मला ओरडायचं होतं. तुमच्यासारखं वऱ्हाडी तरी तोंडात यायला हवं होतं. काहीच आलं नाही. नारळ मांडीवरून गडगडत गेला एवढं कळलं, मग मी टेबलापाशी होते, तिचं मनगट माझ्या हातात होतं, आणि काडी माझ्या शालीवर पडून शालीला भोक पडत होतं. कुणीतरी पाणी टाकलं. मुलगी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिचं बक्षीस हिसकावून घेतलंय.

"तुमीच तं असं करता, मॅडम!" ती रडायलाच लागली. "मी किती डाव पायलं!"

"पोरगी लय होशियार हाये मॅडम," हेडमास्तर मध्ये पडले, "तुमच्यावानीच करते सारं."

"मी असं करत नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पातळ वाटला.

"टीव्ही लावा सर," मागून एका मुलाने सांगितलं, आणि त्यांनी लावला. सिस्टर, मी माझा तो व्हिडिओ उभ्या उभ्या पाहिला. मी आम्ल ओतते. बुडबुडे येतात. पडद्यावर एक पिवळी चांदणी चमकते, टिंग असा आवाज होतो, आणि मी हसून म्हणते, आता हवा निघून गेली आहे. मग काडी. हात बांधलेली मुलं गेली, पुटपुटणं गेलं, कोपऱ्यात नेलेली नळी गेली, भुंकणं गेलं. वर्गाने एकदा टीव्हीतल्या मला पाहिलं आणि एकदा टेबलाशी उभ्या असलेल्या मला. विश्वास कुणावर बसला हे सांगायला नको. टीव्हीतली मी थरथरत नव्हते.

मी पदर खोचला, चंबू रिकामा करून पुन्हा भरला आणि त्यांना खरी रीत दाखवली. पहिल्याच नळीला वायू असा भुंकला की पुढची ओळ बाकावरून उठली. परत थांबलो, परत भुंकला. मुलं आता खूश झाली होती, त्यांना तो आवाजच हवा होता. मुलीचं रडणं थांबलं. "मंग टीव्हीत काहून नाई भुंकला?" तिने विचारलं.

"कापला."

"कोनं?"

"ज्याला घाई होती त्याने."

तिने चंबूकडे पाहिलं आणि हळूच आपली बोटं पापण्यांना लावली. ती समजली होती. मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

अकोल्याला पोचायच्या आत, बसमधूनच मी त्या हेडफोनवाल्याला फोन केला. सगळी बस ऐकत होती, ऐकू दे म्हटलं. तो उद्धट नव्हता, हेच वाईट. "मॅडम, तेवढा भाग म्हणजे नुसतं थांबणं होतं. त्यात कंटेंट नव्हता. आणि मुलं जे म्हणत होती त्यात देव, बुद्ध, अल्ला, सगळंच येत होतं. उद्या कुणी तक्रार केली असती म्हणजे?"

"आणि नळी? ती का कापलीस?"

"तेच तेच तीनदा होत होतं, मॅडम."

"तेच नव्हतं रे बाबा. तिसऱ्यांदा तो भुंकला नव्हता!"

तो "सॉरी मॅडम, नव्या आवृत्तीत घेऊ" म्हणाला. ट्रस्टच्या बाईंनीही तेच सांगितलं, जास्त गोड आवाजात. त्यांनी त्यांच्याकडचा व्हिडिओ काढूनही टाकला, खोटं कशाला बोलू. पण खेड्यातल्या शाळांच्या टीव्हीला इंटरनेट नाही. तिथे तो पेन ड्राइव्हने गेला आहे. एका गुरुजींनी दुसऱ्या गुरुजींना दिला, त्यांनी शिकवणीवाल्याला, शिकवणीवाल्याने मुलांच्या मोबाइलवर. कुठे कुठे आहे, विचारलं तर ट्रस्टच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, पुढे कुणी कुणाला दिला हे आम्हाला कसं कळणार?" तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकावरून धावत आला होतात. माझी खोली आता अकोटपासून शेंदूरजनाघाटापर्यंत आहे, आणि कदाचित त्याच्याही पलीकडे, आणि तिच्या प्रत्येक ओट्याशी मीच उभी राहून मुलींना घाई करते आहे.

गुडघे चालले तोवर मी एसटीने फिरले. अमरावतीकडच्या शाळांना माझ्या जुन्या सहकारी बाईंनी फोन केले. एका गावातल्या हेडमास्तरांनी मला चहा पाजून दिलासा दिला: "भिऊ नका मॅडम. प्रयोग आमी करतच नाई. नुसते दाखवतो. पेटीचं सील बी तोडलं नाई." आणि मला केवढं हलकं वाटलं! मी, जिने शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरांशी भांडून मुलांच्या हातात परीक्षानळ्या दिल्या, मी त्या बंद पेटीकडे बघून मनात म्हटलं, राहू दे अशीच. बसमध्ये बसल्यावर मला त्या विचाराचीच भीती वाटली. चंबू फुटायची भीती एक, आणि कुणी चंबूला हातच लावणार नाही ही दुसरी, आणि पहिलीपासून सुटायला मी दुसरीला बरं म्हणायला लागले होते.

शेवटी व्हिडिओच्या मागे व्हिडिओच पाठवायचा ठरवलं. दुसरं काही त्याच्याइतकं लवकर पोचत नाही. जुन्या शाळेतून सामान आणलं, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला आणि स्वयंपाकघरातल्या खिडक्या उघडून सबंध प्रयोग केला. काहीही कापलं नाही. थांबले ते थांबलेलं दिसू दिलं. शिक्षकांच्या जेवढ्या ग्रुपवर ओळख होती तेवढ्यांवर टाकला आणि खाली लिहिलं: पूर्ण पाहा, पूर्ण दाखवा. अंगठे आले, जोडलेले हात आले, गुलाबाची फुलं आली. "अतिशय सुंदर मार्गदर्शन मॅडम." एकाने लिहिलं, "मॅडम, जरा छोटा करून पाठवता का? मधे मुलं गडबड करतात." मी त्या अकोट रोडच्या हेडमास्तरांना फोन केला.

"पाहिला का?"

"हो जी, पायला न. मस्त झाला."

"किती वेळा भुंकला?"

ते चाचरले, "दोनदा?"

"चारदा," मी म्हटलं. "गॅस भुंकला चारदा, सर. मी मोजायला बसले नव्हते, मी घाबरले होते म्हणून लक्षात आहे." त्यांनी परत पाहतो म्हटलं. पाहिला असेल. त्या मुलीला दाखवा म्हटलं, तर म्हणाले, तिनं तं कवाच पायला, मॅडम, ती आता काडी ओढाच्या आधी सगळ्याले मागे सरकवून राहिली. एवढं एकच उत्तर आहे माझ्याकडे, आणि ती एकच मुलगी आहे. बाकीच्यांचं मला काही माहीत नाही. उद्या सकाळी घंटा होईल आणि मी परत ओट्याला हात टेकून उभी राहीन.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण तुम्ही पहिल्या ओळीलाच विचारलं असतंत की तू स्वतः तपासलंस का. म्हणून सांगते. ग्रुपवर टाकण्याआधी मी तो नवा व्हिडिओ तपासायला बसले होते. ओतणं नीट दिसत होतं, आवाज स्पष्ट होता. मग थांबण्याचा भाग आला. पडद्यावर चंबू, बुडबुडे, आणि हात मागे बांधून उभी असलेली एक म्हातारी. काहीच होत नव्हतं. गॅसवर दूध ठेवलेलं होतं, आणि माझं बोट पडद्यावर गेलं आणि मी तेवढा भाग पुढे सरकवला. साऱ्या वऱ्हाडाला मी तो सबंध पाहायला सांगितला आहे, सिस्टर. मी स्वतः तो अजून सबंध पाहिलेला नाही.